आत्याची बारावी नोंद

जबाबदारी एकट्यानं उचलली तर कंबर मोडते, दोघांनी उचलली तर भांडण होतं, आणि चौदा खात्यांनी मिळून उचलली तर कुणाच्या हाताला वजनच लागत नाही. शास्त्रज्ञांना हे अजून नीट उमगलेलं नाही. आमच्या नदीला सहा वर्षांपूर्वीच उमगलं.

आमची नदी शहराच्या बरोबर मधून जाते. (नदी आधीची आणि शहर नंतर दोन्ही बाजूंना येऊन बसलेलं, पण नगररचना खात्याच्या नकाशात नदी अतिक्रमणाच्या रंगात दाखवली आहे, म्हणून आम्ही या विषयावर फार बोलत नाही.) कुठल्याही कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिच्यावर काय नसतं ते विचारा. वाळूचे बार्ज असतात. ऑफिसला निघालेल्यांच्या लाँच असतात. रोइंग क्लबच्या सुईसारख्या होड्या असतात, ज्यांत आठ धट्टेकट्टे तरुण जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतात आणि तिकडेच सुसाट जातात. बदकाच्या आकाराच्या पायडल-बोटी असतात, त्यांत नवीन लग्न झालेली जोडपी बसतात आणि पायडल एकटा नवराच मारतो. गाणी लावून फिरणारी दुमजली बोट असते. आणि या सगळ्यांच्या मधून, डोक्यावर पदर घट्ट बांधून, वल्ह्याची एक जुनी होडी आडवी जाते. ती माझ्या आत्याची.

आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. वय सदुसष्ट. जुन्या धक्क्यावरून समोरच्या बाजाराच्या धक्क्यावर माणसं पोचवायची, एवढं एकच काम तिनं त्रेचाळीस वर्षं केलं. दोन्ही काठांवरचे लोक तिला आत्याच म्हणतात, तिच्यापेक्षा मोठेसुद्धा. तिच्याकडे दोनच वस्तू आहेत, होडी आणि होडीचा परवाना. (तिसरी वस्तू जीभ, पण तिला परवाना लागत नाही.)

आता समितीकडे येतो.

सहा वर्षांपूर्वी एक बदक एका बार्जवर आपटलं. बदकातल्या जोडप्याला आत्यानं वर काढलं आणि चौकशी बसली. चौकशी पाच मिनिटांत संपली, कारण बार्जचा सुकाणूवाला त्या वेळी सुकाणू पायानं धरून हातानं डबा खात होता, हे त्यानंच सांगितलं. चूक त्याची होती. एकट्याची. सगळं इतकं स्पष्ट होतं की वरची मंडळी हादरली. एवढ्या मोठ्या नदीवर चूक नेमकी एका माणसाची निघते, म्हणजे काय? आज त्याची निघाली, उद्या कुणाचीही निघेल. हा धोका कायमचा दूर व्हावा म्हणून 'नदी सुरक्षा व सामायिक जबाबदारी समिती' स्थापन झाली. तेव्हापासून आजवर या नदीवर एकाही माणसाची चूक निघालेली नाही. समितीचं यश कशाला म्हणतात ते हे.

मी या समितीचा सन्माननीय सदस्य आहे. माझा धंदा पाट्या रंगवण्याचा. पहिल्या बैठकीच्या दिवशी मी दारावर 'बैठक चालू आहे' अशी पाटी लिहीत होतो. आत चौदाऐवजी तेराच जण जमले होते आणि चौदा झाल्याशिवाय चहा आणता येत नव्हता. अध्यक्षांनी बाहेर येऊन विचारलं, "तुम्ही जनता आहात का?"

मी म्हटलं, "सकाळपासून."

झालं. तेव्हापासून मी जनता प्रतिनिधी.

समितीनं पहिल्या वर्षात एकच काम केलं, पण ते मुळापासून. पाण्यात पडलेल्या माणसाला वाचवण्याची जबाबदारी तिनं वाटून टाकली. धक्क्यावर काचेच्या कपाटात लाल-पांढरं तरंगतं कडं असतं ना, जे बुडणाऱ्याकडे फेकतात, त्यापासून सुरुवात झाली. कडं भांडार विभागाचं. त्याला बांधलेला दोर बंदर विभागाचा. कपाट बांधकाम खात्याचं, कपाटाची काच विद्युत खात्याची (का ते विचारू नका, मी विचारलं होतं). किल्ली सुरक्षा रक्षकाकडे, कुलूप त्याच्या वरिष्ठाकडे. किल्ली हरवली तर काच फोडायची हातोडी अग्निशमन दलाकडे. आता राहिलं फेकणं. फेकणं कुणाचं, यावर तीन बैठका झाल्या. शेवटी एका हुशार माणसानं दाखवून दिलं की गोळा फेकणं, थाळी फेकणं, भाला फेकणं ही सगळी कामं क्रीडा विभागाकडे आहेत, तेव्हा कडंही तिकडेच जाईल. क्रीडा अधिकारी दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या बुधवारी धक्क्यावर असतात. कडं झेलण्याची जबाबदारी मात्र संबंधित नागरिकाची. आपणही काहीतरी करायला पाहिजेच ना. सगळं सरकारनंच करायचं का?

लाइफ जॅकेटं साडेचारशे घेतली. ती भिजून खराब होऊ नयेत म्हणून धक्क्यापासून लांब, शहरातल्या सर्वात कोरड्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर ठेवली.

मग आला माझा विषय. पाट्या. समितीनं सहा वर्षांत माझ्याकडून दोनशे बारा पाट्या लिहून घेतल्या. धक्क्यावर आता इतक्या पाट्या आहेत की पाणी दिसत नाही. पाट्या वाचत वाचत चालताना दोघे जण सरळ नदीत गेले. त्यावर उपाय म्हणून मी एक पाटी सुचवली, 'ही पाटी वाचू नका, समोर बघा'. खरं सांगतो, मी चेष्टेनं सुचवली होती. एकमतानं मंजूर झाली आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत लावायचं ठरलं. मग मला चटकच लागली. 'बुडणाऱ्याने आरडाओरडा करून इतर प्रवाशांची गैरसोय करू नये.' मंजूर. 'पोहता न येणाऱ्यांनी उथळ बाजूने पडावे.' मंजूर, फक्त 'पडावे'च्या जागी 'पडण्याचे करावे' अशी दुरुस्ती आली. माझ्या एका वाक्याला इतकी इज्जत घरात कधी मिळाली नाही.

पाट्यांबरोबर रंगकामही माझ्याकडे आलं. धक्क्याचे कठडे, समितीच्या लाँचचा कठडा, मोठ्या पुलाचा कठडा, सगळे मी रंगवले. गंज कुठे कुठे इतका होता की बोट आत जायचं. मी अध्यक्षांना सांगितलं, "साहेब, हा बदलायला पाहिजे."

अध्यक्ष म्हणाले, "बदलणं बांधकामाचं. दिसणं तुमचं. तुम्ही तुमच्या भागापुरतं बघा."

मी माझ्या भागापुरतं बघितलं. दोन हात पांढरे, वर निळी पट्टी. सुंदर दिसतं.

एक ठराव इथंच सांगून टाकतो, कारण पुढे माझा जीव त्याच्यावरच तरणार आहे. तीन वर्षांपूर्वी पुरात 'होडी येथे थांबेल' ही पाटी उखडली आणि साठ फूट वाहत जाऊन चिखलात उभी राहिली. आता थांबा कुठला, पायऱ्यांपाशी की चिखलात? आत्या म्हणाली, पायऱ्यांपाशी, होडीतून उतरणाऱ्याला पायऱ्या लागतात. समितीनं हे मत भावनिक ठरवलं आणि ठराव केला: 'समितीची पाटी जेथे असेल, तेथेच अधिकृत थांबा असेल, पाटी कशीही तेथे पोचलेली असो.' पाटी हलवणं म्हणजे चूक झाल्याचं मान्य करणं. म्हणून पाच महिने लोक गुडघाभर चिखलातून होडीत चढत होते. पुढच्या पुरात पाटी वाहून गेली तेव्हा सुटले.

आता गेल्या वर्षीचा अहवाल.

आमच्या समितीत एक आकडेवाले आहेत. सज्जन माणूस. उंच, वाकलेला, पेन्सिलीला टोक करून करून तिचं खोडरबरच तेवढं उरलेलं. त्यांनी वर्षभराच्या अपघातांचा तक्ता केला. एकूण अपघात अकरा. (अपघाताची व्याख्या: ज्या घटनेत पाण्यात पडलेल्या व्यक्तीचा जबाब नोंदवता आला, ती घटना. जबाब नोंदवता आला नाही तर तो 'नदीविषयक इतर' या सदरात जातो आणि हे सदर मत्स्य विभागाकडे आहे.) त्या अकरा अपघातांच्या जागी कुठली नौका किती वेळा हजर होती, ते त्यांनी मोजलं. बदकं चार वेळा. दुमजली बोट तीन वेळा. बार्ज दोनदा. रोइंग क्लब दोनदा, दोन्ही वेळा पाठमोरा. समितीची तपासणी लाँच एकदाही नाही. ती सहा वर्षं जागची हललेली नाही, तिचं इंजिन दुरुस्तीला गेलंय. आणि आत्याची होडी अकरापैकी अकरा वेळा.

आकडेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच राहिला. शंभर टक्के.

तपासणी लाँचला 'सर्वांत सुरक्षित नौका' म्हणून ढाल मिळाली. आत्याला नोटीस मिळाली.

सुनावणीला मी होतो. जनता म्हणून कोपऱ्यात, बिस्किटांच्या बशीजवळ. आत्या आली, पदराला हात पुसले आणि कुणी सांगायच्या आत बसली.

अध्यक्षांनी विचारलं, "बाई, प्रत्येक अपघाताच्या जागी तुम्हीच कशा सापडता?"

"माणूस तिथं बुडत असतो म्हणून."

"तो तिथं बुडणार आहे हे तुम्हाला आधी कसं कळतं?"

"ओरडतो ना तो."

"म्हणजे पूर्वसूचना मिळते," अध्यक्ष म्हणाले. ते लिहून घेतलं गेलं. "मग त्याला सोडून संबंधित खात्यांना कळवत का नाही?"

"चौदा दारं वाजवीपर्यंत तो समुद्राला लागेल, साहेब."

"समुद्र आमच्या हद्दीत नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि खोलीतल्या सगळ्यांना जरा हलकं वाटलं.

आकडेवाल्यांनी मग फळ्यावर गणित मांडलं. आत्याची होडी नदीवरून काढली, तर लोक वर येणार नाहीत. वर आले नाहीत, तर जबाब होणार नाही. जबाब नाही, तर व्याख्येप्रमाणे अपघात नाही. म्हणजे फक्त एक परवाना रद्द केला की पुढच्या वर्षी अपघात शून्य. मी ते गणित दोनदा तपासलं. कुठंही चूक नव्हती. आकडेवाल्यांचा चेहरा मात्र उतरला होता. माणसाला आपलं गणित बरोबर आल्याचं इतकं वाईट वाटलेलं मी आधी बघितलं नव्हतं.

तरी समिती दयाळू निघाली. लगेच परवाना काढला नाही. ठरलं असं: आत्याच्या होडीची आणखी एक नोंद झाली, म्हणजे बारावी, तर परवाना कायमचा रद्द आणि होडी जप्त.

बाहेर पायऱ्यांवर आत्या थांबली. "काय रे रंगाऱ्या, तू त्या खोलीत बसून करतोस काय?"

"जनतेची बाजू मांडतो."

"तोंडात बिस्किट धरून?"

ती दोन पायऱ्या उतरली आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "होडी गेली तर मी काय करू रे? मला बसता येत नाही. घरात दोन दिवस बसले तर कंबर धरते माझी." हे ती तक्रारीनं म्हणत नव्हती. कुणी आपल्या चपलेचा नंबर सांगावा तसं सांगत होती. पण त्रेचाळीस वर्षांत तिनं मला सल्ला विचारल्याची ही पहिलीच वेळ होती.

"मग आता कुणी बुडायला लागलं तर?" मी विचारलं.

"तर काय? काढायचा. हात मला आलेत ते त्यासाठीच ना?" असं म्हणून ती गेली.

थोडक्यात, परिस्थिती अशी होती. शहरात एक माणूस जरी पाण्यात पडला, तरी आत्या त्याला काढणार आणि तिची होडी जाणार. मी तीन आठवडे धक्क्यावर उभा राहून लोकांना काठापासून मागे ढकलत होतो. एका बदकातल्या नवऱ्याला तर मी नीट पायडल मारायला शिकवलं.

मग नदी सुरक्षा दिन उजाडला.

हा दिवस गुरुवारी होता. धक्क्यावर मांडव, खुर्च्या, दोन भोंगे. तपासणी लाँच धक्क्याला बांधलेली, गळ्यात हार, ढाल दर्शनी भागात ठेवलेली. कार्यक्रमपत्रिकेत 'जीवरक्षणाचे प्रात्यक्षिक' होतं, पण खराखुरा माणूस पाण्यात पडायला तीन खात्यांची परवानगी लागत होती, म्हणून कापडी पुतळा आणला होता. पुतळा भिजू नये म्हणून त्याला अध्यक्षांच्या शेजारी खुर्चीवर बसवलं होतं. (दोघांच्या मुद्रेत फरक सांगायचा झाला तर पुतळा जरा जास्त सावध दिसत होता.) मोठ्या पुलावर बघ्यांची गर्दी. पुढे पोलिसांनी मोजली तेव्हा तीनशे बारा निघाली.

माझ्याकडे त्या सकाळी दोन कामं. लाँचच्या कठड्यावर 'शून्य अपघात, आपल्या सर्वांचा' असा कापडी फलक बांधायचा. आणि तो झाला की पायऱ्यांपाशी 'होडी येथे थांबेल' ही नवी लाकडी पाटी ठोकायची. ती पाटी मी पट्ट्यानं पाठीवर अडकवली होती, दप्तरासारखी. फलकाचं एक टोक बांधलं, दुसरं बांधायला वाकलो, कठड्याला पोट टेकवलं.

रंग फार छान बसला होता. आत लोखंड नव्हतं, एवढंच.

मी पडलो तेव्हा टाळ्या वाजल्या. भोंग्यातून अध्यक्षांचा आवाज आला, "अतिशय जिवंत प्रात्यक्षिक." पाणी गार होतं आणि पायात माझे जाड बूट होते. पोहायला मला येतं, पण तेवढंच, जेवढं मेव्हण्याला गाता येतं. ओळखीच्या माणसांत चालून जातं. प्रवाहानं मला धक्क्यापासून ओढलं. पट्टा तुटला, पाटी सुटली आणि माझ्या हनुवटीखाली येऊन तरंगायला लागली. मी तिला मिठी मारली. सहा वर्षांत मी लिहिलेल्या दोनशे तेरा पाट्यांपैकी कुणाच्या तरी उपयोगाला आलेली ही पहिली.

काठावर यंत्रणा कामाला लागली. तिचं कौतुकच करायला पाहिजे. सुरक्षा रक्षकानं किल्ली आणली. वरिष्ठानं कुलूप दाखवलं. किल्ली दुसऱ्याच कुलपाची निघाली तेव्हा अग्निशमनवाले हातोडी घेऊन धावले आणि विद्युत खात्यानं काच फोडायची लेखी हरकत घेतली. ती हरकत निकाली निघून कडं बाहेर आलं. मग ते हातात धरून सगळे उभे राहिले, कारण गुरुवार होता आणि क्रीडा अधिकारी बुधवारी येतात.

"तुमचं पूर्ण नाव?" काठावरून एक कारकून ओरडला.

"आधी बाहेर काढा!" मी ओरडलो.

"तो पुढचा रकाना आहे!"

पुलावरच्या तीनशे बारा लोकांनी तीनशे बारा फोन वर धरले होते. त्यातला एक जण अगदी कळकळीनं ओरडला, "काका, जरा इकडे तोंड करा!" मी केलं. सवयच आहे माणसाला.

आणि मग वल्ह्यांचा आवाज आला. तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो. नदीच्या मध्यावरून आत्याची होडी वळली होती. आत सहा प्रवासी. शिलाईकाम करणाऱ्या एक बाई मांडीवर गठ्ठा घेऊन, शाळेतले एक गुरुजी, बाकीचे बाजाराचे. आत्या उभी राहून वल्ही मारत होती आणि मारता मारता मला शिव्या देत होती.

काठावर आकडेवाल्यांनी वही उघडली. मला लांबून त्यांची पेन्सिल दिसली. बारावा रकाना. ते रडवेल्या तोंडानं पेन्सिल वर धरून उभे होते.

होडी दहा हातांवर आली. आत्यानं वल्हं आडवं धरलं. "धर हे, मेल्या."

"आत्या, थांब," मी म्हटलं. नाकात पाणी गेलं. "बारावी नोंद होईल."

"होऊ दे. धर."

"होडी जाईल तुझी."

"जाऊ दे. तू गेलास तर तुझ्या बापाला काय सांगू वर जाऊन? तुझा पोरगा पाट्या लिहिता लिहिता बुडाला म्हणून? धर म्हणते ना."

ती खरंच मला काढणार होती. होडी, परवाना, त्रेचाळीस वर्षं, सगळं वल्ह्याच्या त्या एका टोकावर ठेवून. आणि माझी हनुवटी पाटीवर टेकलेली होती. बुडणाऱ्या माणसाला आपलं सगळं आयुष्य डोळ्यांपुढे दिसतं म्हणतात. मला ठराव दिसला.

मी एक हात सोडला, खिशात घातला आणि महिन्याचा पास काढला. होडीचा पास. लॅमिनेशन केलेला. तो वर धरून, काठावर ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडलो, "ओ होडीवाल्या बाई! बाजाराच्या धक्क्याला जायचंय!"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "डोक्यावर पडलास का रे?"

"मी बुडत नाहीये. थांब्यावर उभा आहे. ही बघ पाटी." मी पाटी तिच्याकडे वळवली. 'होडी येथे थांबेल.' खाली समितीचा शिक्का. "पाटी जिथं, तिथं थांबा. पाटी कशीही पोचलेली असो. पास चालू महिन्याचा आहे, तपासून घे."

आत्याला दोन क्षण लागले. मग तिनं वल्हं मागे घेतलं, होडी नीट आडवी लावली, रोज पायऱ्यांपाशी लावते तशी, आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणाली, "मागे सरका, मागे सरका. एक पाशिंजर आहे."

"सरकतो ना," गुरुजी म्हणाले. "पण हे ओले आहेत हो."

"ओल्या माणसानं चढू नये असं कुठं लिहिलंय?" शिलाईवाल्या बाई म्हणाल्या आणि गठ्ठा उचलून पलीकडे ठेवला. "या हो भाऊ. कडेला बसा फक्त, माझे कपडे आहेत."

माझा पास बघून, पाठीमागची तारीखसुद्धा बघून, मगच आत्यानं माझी कॉलर धरली आणि मला आत ओढलं. आत आल्यावर तिनं माझ्या पाठीत असा एक धपाटा घातला की पोटातली अर्धी नदी बाहेर आली.

"गंज रंगवतोस?" ती हळूच म्हणाली. तेवढंच. तिनं ते कठड्याचं बघितलं होतं.

काठावर आकडेवाल्यांनी पेन्सिल खाली आणली आणि बाराव्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या वहीत लिहिलं: 'अधिकृत थांब्यावरून एक पासधारक प्रवासी चढला. कपडे ओले. कारण वैयक्तिक.' मग त्यांनी रुमाल काढला आणि बराच वेळ चष्मा पुसला.

समितीची तातडीची बैठक झाली. ठराव तिचाच, शिक्का तिचाच, पाटी तिचीच. चूक काढायची तर समितीची काढावी लागली असती, आणि समिती तर चूक निघू नये म्हणूनच स्थापन झालेली. त्यामुळे घटना घडली नाही, असं एकमतानं ठरलं. आत्याचा परवाना पाच वर्षांनी वाढला. नदीत ठिकठिकाणी तरंगत्या पाट्या सोडायचं काम मला मिळालं, एकूण चाळीस. या वर्षाचा अहवाल छापून आलाय: अपघात शून्य, बचाव शून्य, मधल्या थांब्यांवरून चढलेले प्रवासी चौदा, त्यांपैकी ओले चौदा. शेजारच्या दोन शहरांतून मंडळी हा प्रयोग बघायला येऊन गेली. त्यांतला एक जण चढलासुद्धा.

नियमाप्रमाणे आत्यानं चढणाऱ्याचा पास बघायला पाहिजे. ती आधी वर ओढते आणि मग आकडेवाल्यांना वहीत लिहून घ्यायला लावते, 'पास घरी विसरला'. चौदापैकी बारा जण विसरले होते, तेरावा मी. चौदावा बदकातला नवरा. त्यानं काढून ठेवला होता. पुन्हा पायडल शिकवायला गेलो तेव्हा मीच त्याला सांगितलं होतं.

माझ्या त्या पडण्याची जबाबदारी मात्र वाटायची राहिली होती, तीही परवा वाटून झाली. खाती चौदा, मी एक, पुलावरचे बघे तीनशे बारा. बेरीज तीनशे सत्तावीस येते. आकडेवाल्यांच्या तक्त्यात तीनशे अठ्ठावीस रकाने आहेत. मी विचारलं, शेवटचा कुणाचा? ते म्हणाले, ज्यानं ही गोष्ट नंतर वाचली त्याचा. मी पाण्यात पडलो तिथपासून आत्यानं कॉलर धरली तिथपर्यंत वाचायला साधारण तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुम्ही पुलावरच उभे होतात, सगळ्यांत चांगली जागा धरून. निवांत, पुढे काय होतंय बघत. मी तुम्हाला बोल लावत नाही. तुमच्या वाट्याला येतो तीनशे अठ्ठाविसावा भाग, म्हणजे हाताला लागणार पण नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्ही ज्या कठड्याला टेकून बघताय, तो पुलाचा कठडाही मीच रंगवलेला आहे. दोन हात पांढरे, वर निळी पट्टी.

पास काढून ठेवलाय ना?